किनारा सर्वांचा, वाट कोणाची?

इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून रोमन कायद्याचे एक पाठ्यपुस्तक तयार झाले. त्यात एक छोटेसे कलम आहे. निसर्गनियमानुसार हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्र सर्वांचा म्हणून समुद्राचा किनाराही सर्वांचा, असा त्याचा आशय. हे कलम केवळ पुराणवस्तू नाही. डिसेंबर १९९६ मध्ये बियास नदीच्या काठावरील एका हॉटेलासंबंधीच्या ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच रोमन विचाराचा आधार घेतला. नद्या, किनारे, वने ही सरकारची मालमत्ता नव्हे. सरकार त्यांचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व तेव्हापासून भारतीय कायद्यात रुजले.

म्हणजे किनारा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर दीड हजार वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. मला या लेखात दुसरा, त्या मानाने अगदी साधा वाटणारा प्रश्न मांडायचा आहे. सर्वांच्या मालकीच्या या किनाऱ्यावर सर्वांनी पोहोचायचे कसे? व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाने, कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलीने, गुडघे गेलेल्या आजीने रस्ता आणि पाणी यांमधली वाळू कशी ओलांडायची? मालकी आणि पोहोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधले अंतर कापायला दर वेळी कोणाला तरी झगडावे लागले आहे, असे या विषयाचा इतिहास सांगतो.

वाळू आली कुठून?

सुरुवात चेन्नईच्या मरिनापासून करतो. भारतात व्हीलचेअरसाठी वाळूवरून कायमची वाट बांधण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग तिथे झाला. शिवाय या किनाऱ्याशी मराठी माणसाचे एक जुने नातेही आहे. ट्रिप्लिकेनसमोरच्या वाळवंटाला स्वातंत्र्यचळवळीच्या काळात लोकमान्य टिळकांचे नाव मिळाले. तमिळमध्ये ‘तिलकर तिडल’, इंग्रजी कागदपत्रांत ‘टिळक घाट’. आपल्या गिरगाव चौपाटीवर १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले. म्हणजे देशाच्या दोन्ही बाजूंच्या दोन समुद्रकिनाऱ्यांवर त्यांची खूण आहे. दोन्ही जागा सभांच्या. मद्रासमध्ये कामगारनेते सिंगारवेलर यांनी १ मे १९२३ रोजी कामगार दिन साजरा केला, तोही किनाऱ्यावरच. भाडे नाही, दार नाही, पहारेकरी नाही. सामान्य माणसाला एकत्र जमायला याहून मोकळी जागा शहरात दुसरी नव्हती.

पण ही जागा निसर्गाने अशीच दिलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाटा आजच्या रस्त्याच्या बऱ्याच जवळ येत असत. मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे दूर उभी राहत आणि माणसे-माल होड्यांतून, फेसाळत्या लाटा ओलांडून आणावा लागे. म्हणून १८७० च्या दशकात समुद्रात दगडी भिंती घालून कृत्रिम बंदर बांधायचे काम सुरू झाले. नोव्हेंबर १८८१ च्या चक्रीवादळाने त्यातला मोठा भाग उद्ध्वस्त केला. पुढे तो पुन्हा उभारला गेला.

या भिंतींचा एक परिणाम असा झाला की जो बंदर बांधण्याचा हेतूच नव्हता. पूर्व किनाऱ्यावर समुद्र वर्षाकाठी प्रचंड वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहून नेतो. बंदराची भिंत आडवी आली आणि वाळू तिच्या दक्षिणेला अडून साचू लागली. उत्तरेला मात्र वाळू पोहोचेनाशी झाली, आणि रोयापुरमच्या बाजूचा किनारा समुद्र खात गेला. दक्षिणेच्या मच्छीमारांपुढे पुळण रुंदावत गेली, उत्तरेच्या मच्छीमारांच्या दारात शेवटी दगडांचे बंधारे आले. १८८१ ते १८८६ या काळात मद्रासचा गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट ग्रँट डफ याने या नव्या किनाऱ्यालगत फिरायचा रस्ता आखला आणि सिसिलीच्या आठवणीने त्याला ‘मरिना’ हे नाव दिले.

आज मरिनाची सरासरी रुंदी सुमारे ३०० मीटर सांगितली जाते. ज्या रुंदीचे पर्यटक कौतुक करतात, तीच रुंदी चाकावरच्या माणसाच्या आड येते. आणि ती बऱ्याच अंशी मानवनिर्मित आहे. ‘वाळूच ती, निसर्गापुढे कोणाचे काय चालणार?’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांना मरिनाचा इतिहास दाखवावा. शहराने आपल्या सोयीसाठी समुद्राला शंभर-सव्वाशे वर्षे मागे सरकायला लावले आहे. त्या सरकण्याने ज्यांची वाट बंद झाली, त्यांना वाट करून देणे हे उपकाराचे काम नाही.

कागदावरचे पाणी

जागा सार्वजनिक आहे असे जाहीर होणे आणि ती खरोखर सार्वजनिक होणे यांत किती अंतर असते, हे मराठी वाचकाला परक्या उदाहरणाने सांगायची गरज नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या करण्याचा तो ठराव होता. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा निर्णय घेतला. तळे कागदावर खुले झाले. प्रत्यक्षात त्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंना चालत जावे लागले, मार खावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे.

जातीच्या बहिष्काराची आणि वाळूच्या अडथळ्याची तुलना सरसकट करता येणार नाही, हे मी जाणतो. बहिष्कार माणसे मुद्दाम घालतात. वाळू कोणाचा द्वेष करत नाही. पण ‘तुम्हाला कोणी अडवले आहे का?’ हा प्रश्न दोन्हीकडे त्याच साळसूदपणे विचारला जातो, आणि म्हणून महाडची आठवण ठेवूनच पुढची कहाणी वाचावी.

ती आहे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या बिलोक्सी गावाची. मेक्सिकोच्या आखातावरचा तिथला सव्वीस मैलांचा वाळूचा किनाराही मानवनिर्मितच. १९४७ च्या चक्रीवादळात समुद्रालगतच्या भिंतीचे नुकसान झाले. तिच्या संरक्षणासाठी १९५१ च्या सुमारास समुद्रतळातली वाळू उपसून किनाऱ्यावर टाकण्यात आली, आणि त्या कामाला केंद्र सरकारने पैसा दिला. अट एकच होती, हा किनारा कायम लोकांसाठी खुला राहील. किनाऱ्यासमोरच्या घरमालकांनी मात्र पाण्यापर्यंतची वाळू आपलीच असल्याचा दावा केला, आणि स्थानिक पोलीस कृष्णवर्णीयांना तिथून हुसकावू लागले.

१४ मे १९५९ रोजी डॉ. गिल्बर्ट मेसन हे कृष्णवर्णीय डॉक्टर काही मित्र आणि मुलांना घेऊन त्या पाण्यात उतरले. पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. पुढे प्रशासनाने त्यांना विचारले, किनाऱ्याचा एक तुकडा तुम्हाला वेगळा दिला तर चालेल का? मेसन यांनी नकार दिला. त्यांना सगळा किनारा हवा होता. २४ एप्रिल १९६० रोजी सव्वाशेच्या आसपास स्त्री-पुरुष-मुले पुन्हा पाण्यात उतरली, तेव्हा जमावाने साखळ्या आणि लोखंडी नळ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. जून १९६३ मध्ये, मेडगर एव्हर्स यांच्या हत्येनंतर काही दिवसांतच, लोक तिसऱ्यांदा उतरले. या वेळी वाळूत काळे झेंडे रोवून. शेवटी १९६८ साली केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला. वाळू सार्वजनिक पैशातून आली आहे, करारात सार्वजनिक वापराची अट आहे, म्हणून किनारा सर्वांचा.

त्याच वर्षीचा दुसरा कायदा

१९६८ सालाची आणखी एक नोंद माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याच वर्षी अमेरिकेत ‘आर्किटेक्चरल बॅरियर्स अ‍ॅक्ट’ मंजूर झाला. केंद्राच्या पैशातून बांधलेल्या इमारती दिव्यांग व्यक्तींना वापरता आल्याच पाहिजेत, असे सांगणारा हा तिथला पहिला कायदा. दोन्हींमागचा युक्तिवाद एकच होता. पैसा सर्वांचा, तर प्रवेशही सर्वांना. बिलोक्सीच्या निकालाने तो वर्णाच्या बाबतीत लागू केला, या कायद्याने शरीराच्या बाबतीत.

फरक इतकाच की कायदा इमारतींचा विचार करत होता. दारे, जिने, स्वच्छतागृहे, उद्वाहने यांची मापे ठरत गेली. किनारा ही इमारत नव्हे, म्हणून तो सुटला. १९९० चा सुप्रसिद्ध अपंगत्व कायदा आला, तरी मोकळ्या जागांची मापे ठरेनात. १९९७ मध्ये एक समिती नेमली गेली. दिव्यांगांच्या संघटना, उद्यान खाती, निसर्गसंरक्षक असे सगळे तिच्यात बसले. १९९९ मध्ये अहवाल आला, आणि केंद्राच्या अखत्यारीतल्या जमिनींपुरता नियम व्हायला २०१३ साल उजाडले. १९६८ पासून मोजले तर पंचेचाळीस वर्षे.

इतका वेळ लागण्याला वाळूचा स्वभावही काही अंशी कारणीभूत आहे. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. व्हीलचेअरचे अरुंद चाक त्यावर आले की सगळा भार थोड्याशा जागेवर पडतो, कण बाजूला सरकतात, चाक रुतते. ओल्या वाळूत कणांमधले पाणी त्यांना आवळून धरते, म्हणून ओहोटीच्या घट्ट पुळणीवर सायकलही चालते. तेव्हा खरा अडथळा असतो तो रस्ता आणि ओली वाळू यांमधल्या कोरड्या पट्ट्याचा. त्यावर तीन उपाय रूढ झाले. लाकडी फळ्यांची वाट, गुंडाळून ठेवता येणारी चटई, आणि फुग्यासारख्या रुंद टायरांची खास खुर्ची. अमेरिकी नियमाने वाटेची किमान रुंदी साठ इंच, म्हणजे सुमारे दीड मीटर ठरवली, आणि किनाऱ्याच्या दर अर्ध्या मैलामागे किमान एक वाट असावी असे सांगितले. वाट काढता-घालता येण्याजोगी असली तरी चालेल, ही मुभाही दिली.

मात्र त्या नियमातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर वाट भरतीच्या रेषेपर्यंत न्यायची. तिथे तिची हद्द संपते. पुढे पाणी आहे, पण नियम नाही. मी याला दर्शन आणि स्पर्श यांतला फरक म्हणेन. ग्रीसमध्ये हा फरक मिटवायचा प्रयत्न झाला आहे. तिथे ‘सीट्रॅक’ नावाची यंत्रणा दोनशेहून अधिक किनाऱ्यांवर बसवली गेली. रुळांवरून सरकणारी, सौरऊर्जेवर चालणारी खुर्ची माणसाला थेट पाण्यात नेते आणि परत आणते. तिथे माणूस समुद्र पाहायला जात नाही, पोहायला जातो.

मरिनाची लाकडी वाट

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने उतार, खुणा, सोयी यांचा उल्लेख केला, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाट ठेवून. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्याचे तिसावे कलम करमणूक, क्रीडा आणि पर्यटनस्थळे यांत सहभागाचा हक्क सांगते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सार्वजनिक सेवांच्या व्याख्येत विरंगुळा आणि करमणूक यांचा स्पष्ट समावेश केला. तरी जुन्या वास्तू सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत त्याने घातली ती ‘सार्वजनिक इमारतीं’ना. किनारा पुन्हा कुंपणाबाहेर.

चेन्नईत वाट झाली ती दिव्यांगांच्या संघटनांच्या चिकाटीमुळे. डिसेंबरच्या ३ तारखेला जागतिक दिव्यांग दिन असतो. त्या सुमारास काही वर्षे मरिनावर तात्पुरती वाट घातली जाई आणि थोड्या दिवसांत काढली जाई. वर्षातून काही दिवस समुद्र, उरलेले वर्ष नाही. ही वाट कायमची करा, या मागणीचा पाठपुरावा होत राहिला. अखेर २७ नोव्हेंबर २०२२ रोजी २६३ मीटर लांब, ३ मीटर रुंद अशी लाकडी वाट खुली झाली. खर्च १ कोटी १४ लाख रुपये. पाण्याजवळ जाऊन आलेल्या कित्येकांनी आपण आयुष्यात प्रथमच लाटा इतक्या जवळून पाहिल्याचे सांगितले. त्यांतले बरेच जण जन्मापासून त्याच शहरात राहणारे होते.

९ डिसेंबरच्या रात्री ‘मंदौस’ चक्रीवादळ मामल्लपुरमजवळ किनाऱ्यावर आले. लाटांनी त्या वाटेचे समुद्राकडचे टोक उखडून टाकले. वाट होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. ‘पैसे पाण्यात गेले’ अशी थट्टा झाली. पुढे दुरुस्ती करून वाट पुन्हा सुरू झाली.

मला या प्रसंगात हसण्यासारखे काही दिसत नाही. १८८१ च्या वादळाने मद्रासचे बंदर मोडले, तेव्हा ‘समुद्रापुढे बंदर टिकत नाही’ म्हणून कोणी ते सोडून दिले नाही. ते पुन्हा बांधले, कारण व्यापाराला त्याची गरज होती. दर पावसाळ्यानंतर आपण रस्ते डांबरतो. रस्त्यांची गरज नाही असा निष्कर्ष काढत नाही. समुद्राकाठचे कोणतेही बांधकाम हे एकदाचे काम नसून कायमची देखभाल असते. मग वाटेच्या देखभालीचाच खर्च तेवढा उधळपट्टी का वाटावा?

त्यातून शिकण्यासारखे मात्र आहे. समुद्राकडचे टोक जखडून न ठेवता ते सुटे आणि काढता येण्याजोगे असावे. हे निसर्गाच्याही हिताचे आहे. मरिनावर आणि कोकणातल्या कित्येक पुळणींवर थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. वाळूत पक्के बांधकाम आणि रात्रभर दिवे हे त्यांना घातक. माणसाची वाट आणि कासवाची वाट यांत भांडण लावायची गरज नाही. दोघांनाही हलकी, सुटी रचनाच सोयीची आहे.

कोकणाकडे पाहताना

मरिनाची नक्कल जशीच्या तशी आपल्याकडे चालणार नाही, आणि याचे कारण भरती-ओहोटी हे आहे. चेन्नईत भरती आणि ओहोटी यांतला फरक जेमतेम एक मीटरचा. म्हणून तिथे पाणी साधारण एकाच जागी असते आणि वाट त्याच्यापाशी नेता येते. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाण्याची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते, आणि ओहोटीला सपाट किनाऱ्यावर समुद्र दूर निघून जातो. ग्रीसची रुळांवरची खुर्चीही याच कारणाने इथे अडेल. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावालाच असते.

पण जी आपली अडचण तीच आपली सोयही आहे. ओहोटीला उघडी पडणारी कोकणातली ओली वाळू घट्ट असते. अलिबागला त्या वाळूवरून घोडागाड्या कुलाबा किल्ल्यापर्यंत जातात. जिथे टांगा जातो, तिथे रुंद टायरांची खुर्ची सहज जाईल. आपल्याला शेकडो मीटरची वाट नकोच आहे. सुरूच्या बनापासून किंवा रस्त्याच्या कठड्यापासून भरतीच्या रेषेपर्यंतचा कोरडा पट्टा तेवढा ओलांडायचा आहे. त्यासाठी एक चटई, कठड्यात पायऱ्यांशेजारी एक उतार, वापरता येईल असे स्वच्छतागृह, दोन-चार खुर्च्या आणि भरतीचे वेळापत्रक ठाऊक असलेला एक माणूस हवा. बंदरे, धूपप्रतिबंधक बंधारे, सागरी रस्ते यांवर जे राज्य खर्च करते, त्याला हे जड जाऊ नये.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती आहेत. वार्धक्याने ज्यांची पावले अडली आहेत, त्यांची गणना यात नाही. यांच्यासाठी समुद्र ही सहलीपुरती गोष्ट नाही. आपण समुद्रात गणपती पोहोचवतो, नारळी पौर्णिमेला नारळ वाहतो, आपल्या माणसांच्या अस्थी सोडतो. ही सगळी कर्मे पाण्याच्या स्पर्शाची आहेत. मरिन ड्राइव्हच्या कट्ट्याजवळ खुर्ची लावून समुद्र पाहता येतो, पण तिथून गणपतीला निरोप देता येत नाही. घरातला गणपती चौपाटीवर निघाला की व्हीलचेअरवरचा मुलगा किंवा म्हातारी आई बहुधा रस्त्यावर, गाडीत थांबते. त्यांना कोणी मनाई केलेली नसते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितले की सुगमतेचे निकष ही केवळ शिफारस असू शकत नाही. ते बंधनकारक हवेत, आणि तसे नियम केंद्राने करावेत. त्या नियमांत किनाऱ्यांना स्वतंत्र जागा मिळते की पुन्हा ‘इमारत नव्हे’ म्हणून ते सुटतात, याकडे कोकणातल्या नगरपालिका, ग्रामपंचायती आणि मुंबई महापालिकेने आतापासून पाहायला हवे. त्यांना नियमाची वाट पाहायचेही कारण नाही. महाडचा निर्णय एका नगरपालिकेनेच घेतला होता. तो कागदावर राहिला हे तिचे अपयश, पण तो घेता आला हे तिचे सामर्थ्य.

मेसन यांनी किनाऱ्याचा वेगळा तुकडा नाकारला होता, हेही त्या वेळी ध्यानात ठेवावे लागेल. सहा किलोमीटरच्या मरिनाला एका वाटेने भागत नाही. दर अर्ध्या मैलाचे माप लावले तर तिथे सात-आठ वाटा लागतील. तसेच ७२० किलोमीटरच्या किनाऱ्याला एक नमुनेदार ‘दिव्यांग किनारा’ पुरणार नाही. जिथे इतरांसाठी पायऱ्या आहेत, तिथे शेजारी उतार हवा. समुद्र सर्वांचा आहे, हे सांगून दीड हजार वर्षे झाली. आता हा कोरडा पट्टा कोणाच्या अंदाजपत्रकात आणि कोणत्या शीर्षाखाली बसतो, तेवढे ठरायचे राहिले आहे.